मुळासकट विकणारी कौसाबाई

मूळ मोडलेली अळंबी कौसाबाई विकत नसे. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी नाही. सेनगावच्या बाजारात पळसाच्या पानांवर ती अळंब्या मांडून बसे. वर पांढरी छत्री आणि खाली वीतभर लांब, निमुळतं होत गेलेलं काळपट मूळ. कुणी अळंबी उचलून बघता बघता मूळ मोडलं, की ती त्याच्या हातातून अळंबी काढून घेई आणि आपल्या ओटीत टाकी.

"अवं, पैसे देतो की!"

"तुझे पैसे ठेव. ही आता घरी मी खाईन."

"काहून? तुला चालते न् मला न्हाई?"

"मला म्हाईत हाय ही कुठली हाय. तुला काय म्हाईत? तुला मूळच सांगनार. मूळ न्हाई तर मग काय बघून खाशील, माझं तोंड?"

आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिकेसाठी समितीने मला 'विसरता न आलेली व्यक्ती' या विषयावर लिहायला सांगितलं. मी संस्थापकांवर लिहीन, अशी त्यांची समजूत असावी. मी तीस वर्षं या शाळेत विज्ञान शिकवलं आणि विसरता न आलेली व्यक्ती म्हणून मला एकच माणूस आठवतं. ती शाळेच्या भिंतीपलीकडून रोज शेळ्या घेऊन जायची. माझा मुलगा म्हणतो, "अप्पा, आता कशाला?" समितीही तेच म्हणेल. छापायचं नसेल तर छापू नका. मी हे हाताने लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवीन. पण लिहिणार.

आमचं गाव पुसेगावच्या बाजूला. गावाच्या उत्तरेला मोठा माळ आहे. मुरमाड, उंचसखल, वारुळांनी भरलेला. सोयाबीन तिथे येत नाही, म्हणून कागदावर तो पडीक. कौसाबाईच्या लेखी तो पडीक नव्हता. उंच, काटक बाई. हिरवं लुगडं, त्यावर मेलेल्या नवऱ्याचा सदरा आणि पावसात डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. वीसेक शेळ्या आणि मागे लागलेलं एखादं करडू. तिच्या माहेरी मेंढरं होती, सासरी शेळ्या. माळाच्या बाहेरचं जग तिने सेनगावच्या बाजारापुरतंच पाहिलं होतं.

तिची माझी ओळख माझ्या फजितीने झाली. सातवीच्या वर्गात मी बुरशी शिकवत होतो. पाऊस होऊन गेला होता. खिडकीतून कौसाबाई जाताना दिसली, टोपलीत अळंब्या. मी तिला हाक मारली आणि वर्गात बोलावलं. मुलांना दाखवायला फुकटात नमुना मिळाला म्हणून मी खूश होतो. फळ्यावर मी दोन रकाने आखले होते, वनस्पती आणि प्राणी. टोपलीतली एक अळंबी वर धरून मी विचारलं, "सांगा, ही कोणत्या रकान्यात?" मुलं ओरडली, "वनस्पती!" मी शाबासकी दिली.

कौसाबाई दाराशी उभी होती. म्हणाली, "मास्तर, तिकडं न्हाई. इकडं टाका, खोकडाच्या बाजूला."

वर्ग हसला. मीही हसलो. खोकड म्हणजे आमच्या माळावर राहणारा तो लहानसा करडा प्राणी, कोल्ह्याहून कितीतरी बारका, मोठे कान आणि झुबकेदार शेपटीचं टोक काळं.

"अळंबी न् खोकड एक कसे होतील, बाई?"

"एक व्हय म्हनले का म्या? जवळचे म्हनले. झाड कसं, उन्हाकडं तोंड करून उभं ऱ्हातं न् पोट भरतं. ही भरती का? हिला कोनाचं तरी खायाला लागतं. खोकडाला बी लागतं. न् दोघांचं बी घर वारूळ. खोकड वाळवी उकरून खातं. हिला वाळवी खाली अंधारात लेकरावानी सांभाळती. मग सांगा, ही गवताची बहीन का खोकडाची?"

मी विषय बदलला. मी शिकलो तेव्हा बुरशी वनस्पतींतच धरत. पुढे पाठ्यपुस्तक बदललं. बुरशीला वनस्पतींतून बाहेर काढून वेगळं घर दिलं. ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे असं मी वाचलं, तेव्हा मला आधी पुस्तक आठवलं नाही, दाराशी उभी असलेली ती बाई आठवली. मी वर्गात जाऊन ती दुरुस्ती केली. ती कुणी सांगितली होती, ते मात्र सांगितलं नाही. माझी पहिली लबाडी तीच होती. लहान होती, म्हणून खपली.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर माळावर जाऊ लागलो. अळंबी काढायची तिची रीत बघण्यासारखी होती. ती कधी उपटत नसे. छत्रीच्या बुडाशी तर्जनी खुपसायची, देठाला धरून हळूहळू खाली उतरायची, कोपरापर्यंत हात मातीत जाईपर्यंत. मूळ वारुळाच्या पोटापर्यंत गेलंय हे बोटाला लागलं की मगच ते अलगद सोडवायची. भोक परत मातीने बुजवायची, वरून थापटायची. एका वारुळावरच्या सगळ्या कधीच काढायची नाही, दोनतीन सोडायची.

"न् बोट खाली गेलंच न्हाई तर?" मी विचारलं.

"तर ती माझी न्हाई. असू दे कितीबी गोरी. बुडाशी गड्डा लागला, का हात काढून घ्यायचा."

आणि ती खोकडाचा माग काढायची. जिथे खोकडाने ताजं उकरलंय, तिथे वारूळ जिवंत आहे, तिथे आज ना उद्या छत्र्या येणार, हा तिचा हिशेब. उन्हाळ्यात जन्मलेली खोकडाची पिलं पावसाच्या तोंडावर बिळाबाहेर खेळायला लागतात. एकदा तिने मला दुरून दाखवली. तीन पिलं एकमेकांची शेपटी ओढत होती, आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर वारुळाला कोंब फुटावेत तशी अळंब्यांची टोकं वर आली होती.

"बघा मास्तर. दोघं बी भुईतून वर आले. एक पळनार, एक जागीच उभं ऱ्हानार. जे पळतं, त्याला लोक चोर म्हनतात. जे उभं ऱ्हातं, त्याला इख म्हनतात. न् दोघांनी कोनाचं काय खाल्लं? वाळवीच्या घरचं खाल्लं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे.

खोकडाला चोर म्हणणारे तिने कसे परतवले, तेही मी पाहिलं आहे. एका वर्षी गावातली पाचसहा करडं फाडलेली सापडली. लोक म्हणाले, खोकड. दहाबारा जण सुकं गवत आणि मिरच्या घेऊन माळावर निघाले, बिळात धूर करायला. मीही बघायला गेलो. आम्ही पोचलो तर कौसाबाई बिळाच्या तोंडावर मांडी घालून बसलेली. बाकीची तोंडं तिने दगड लावून बंद केली होती.

"ऊठ कौसे, करडं तुझी बी गेली ना?"

"दोन गेली."

"मग?"

तिने सदऱ्याच्या पुढ्यातून मेलेलं करडू काढलं. त्याच्या मानेवर दातांच्या खुणा होत्या. "या, कोन मोजतंय? दोन दातांत किती जागा हाय बघा. माझी दोन बोटं मावली. खोकडाचं तोंड केवढं असतं? त्यात माझं एक बोट मावंना. हे दात कुत्र्याचे हायेत. न् कुत्रे कोनाचे हायेत, ते म्या सांगू का तुमी सांगता?"

कुत्री कुणाची होती, सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मालक गवताचा भारा घेऊन पुढेच उभा होता. कौसाबाई म्हणाली, "खुना दाखवा न् मग जाळा. खुना न्हाई तर माझ्यासगट धूर करा." लोक परत फिरले. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं, "विज्ञान शिकवतो मी, पण करते ती."

आता पुढचं.

मग एका वर्षी श्रावणात पावसाने ओढ दिली होती. आमचे हेडसर माझे जवळचे मित्र. त्यांचे वडील, सगळे त्यांना दादा म्हणत, डोंगरकड्याहून चार दिवसांसाठी आले होते. दादांना अळंबीची भाजी फार आवडे. हेडसर म्हणाले, "तुमच्या कौसाबाईकडून आणा ना थोडी." मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिने पानात बांधून आणली. मोजून सात होत्या. "पानी न्हाई मास्तर. सातच हायेत. हेडसरांना सांगा, दादांपुरत्या हायेत."

पाच माणसांच्या घरी सात अळंब्या घेऊन जायची मला लाज वाटली. शाळेच्या मागे, मैदानाच्या कडेला, गवतात पांढऱ्याशुभ्र, मोठाल्या अळंब्या उगवल्या होत्या. दोन दिवस मी त्या बघत होतो. वर्षानुवर्षं बुरशी शिकवणारा माणूस मी. मी वाकलो आणि सहा मोडून घेतल्या. मोडून. बोट खुपसलं नाही. खाली हात घातला असता तर गड्डा लागला असता. सहाही मी कौसाबाईच्या पानात बांधल्या आणि हेडसरांच्या घरी दिल्या. वर म्हणालो, "कौसाबाईने भरपूर दिल्यात." आमच्या घरी अळंबी शिजत नसे, त्यामुळे मी खायचा प्रश्न नव्हता.

पहाटे निरोप आला. घरातली पाचही माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती. जीप करून सगळ्यांना हिंगोलीला नेलं. मागे घर उघडं होतं, ते बंद करायला म्हणून मी थांबलो. मागच्या अंगणात बादलीत भाजी निवडल्याचा कचरा होता. मी बघितला. त्यात कौसाबाईच्या अळंब्यांची सात काळपट मुळं होती. आणि माझ्या अळंब्यांचे मोडके देठ, त्यांना सैल कडी. एका टाकून दिलेल्या तुकड्याच्या आतल्या पापुद्र्यांवर रात्रभरात हिरवट रंग चढला होता. विषारी छत्रीची ती खूण; शंका घ्यायला जागाच नव्हती. मी बादली उचलली, उकिरड्यावर नेऊन ओतली, वर चुलीतली राख टाकली आणि काठीने कालवली. सात मुळांसकट.

हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ती सात मुळं कौसाबाईची साक्ष होती. ती मी राखेत घातली.

मग मी हिंगोलीला गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठून आणली होती?" मी म्हणालो, "कौसाबाईकडून." चार माणसं बरी झाली. दादांचं वय झालेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

चावडीवर पंचनामा झाला. जमादार आले होते, पोलीस पाटील होते, अर्धं गाव होतं. कौसाबाईला बोलावलं. पुन्हा अळंबी काढणार नाही, विकणार नाही, चूक झाली, असा कागद तयार होता. फक्त अंगठा हवा होता.

"न्हाई देनार."

"अगं, माणूस मेलंय!"

"मेलं, त्याचं मला बी लागलंय. दादांसाठी म्हनून दिल्या म्या. पर म्या इकलेल्या छत्रीला मूळ असतं. मूळ दाखवा न् अंगठा घ्या. एक न्हाई, दहाची दहा बोटं घ्या."

जमादार वैतागले. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञानाचे. तुम्हीच सांगा हिला."

तेव्हा एक वाक्य पुरेसं होतं. सहा मी तोडल्या, एवढंच. समोर हेडसर बसले होते, डोक्यावरचे केस काढलेले. मी म्हणालो, "दिसायला सगळ्या सारख्याच असतात. जाणत्या माणसाचीही चूक होऊ शकते."

कौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "सारख्या असत्यात व्हय?"

आणि अंगठा न देता निघून गेली. कागदावर जमादारांनी 'अंगठा देण्यास नकार' असं लिहिलं. त्या कागदावरचं तेवढंच वाक्य खरं आहे.

गावाने तिचं नाव 'इखवाली' ठेवलं. तिच्या शेळ्यांचं दूध घ्यायचं लोकांनी बंद केलं. लग्नाकार्यात तिला भांड्याला हात लावू देईनात. तिची लेक शोभा पुसेगावला दिलेली, तिच्या सासरीही हे पोचलं. कुणालाही वाटेल की बाई खचली असेल. ती खचली नाही, आणि मी हे लिहितोय ते त्यासाठीच. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या बाजाराला ती टोपली घेऊन सेनगावात आपल्या जागेवर बसली. कुणी जवळ आलं नाही. दुपारपर्यंत तिने वाट बघितली. मग तीन दगड मांडले, पातेलं ठेवलं, तेल-तिखट घातलं आणि सगळ्या बाजारासमोर टोपलीतल्या अळंब्या शिजवून एकटीने खाल्ल्या. खाऊन झाल्यावर बोटं चाटली, उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "पुढच्या बाजाराला येते. जिती हाय का न्हाई, बघायला या."

पुढच्या बाजारी ती आली. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी, पावसाळ्याचे दोनअडीच महिने, दर बाजारी. लोक थट्टा करत. "कौसाबाई, मीठ बराबर पडलं का?" ती म्हणे, "ये ना, चाखून सांग. मरायला भेतोस व्हय?" आठदहा वर्षं हे चाललं. अळंबी खपली नाही. अळंबी काढायची तिने सोडली नाही.

मी त्या बाजाराला जायचं सोडलं. भाजी आणायला मुलाला पाठवू लागलो. माळावर तर गेलोच नाही. रस्त्यात ती समोरून आली, की "काय मास्तर, बरं हाय?" एवढंच विचारी. मला ते शिवीपेक्षा जड जाई.

दोन वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली. दम लागायचा. शोभा तिला बघायला माहेरी येऊन राहिली होती. मी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो. शोभा चहा करायला आत गेली आणि मी सुरू केलं, "कौसाबाई, त्या वर्षी हेडसरांच्या घरी..."

तिने हात वर केला. "थांबा मास्तर. मला काय सांगून राहिलात?"

"मला सांगायचंय."

"मला म्हाईत हाय. दादा गेले त्याच दिशी म्या शाळंच्या मागं गेले व्हते. गवतात बुडखं तशीच व्हती, मोडलेली. सहा. गड्डेवाली. एका बुडख्याजवळ बुटाचा ठसा बी व्हता. गावात बूट घालून कोन हिंडत व्हतं तवा?"

मी विचारलं, "मग चावडीवर का बोलला नाहीत?"

"कोन ऐकलं असतं? तुमी सर. मी शेळ्यावाली. न् म्या काहून सांगू? पाप तुमचं, तोंड बी तुमचंच लागंल ना त्याला." तिला दम लागला. थांबून म्हणाली, "मला सांगून मोकळं व्हायला आलात व्हय? तसं न्हाई व्हत. मला म्हाईत हाय. ज्यांला म्हाईत न्हाई, त्यांला सांगा."

चहा आला. आम्ही प्यालो. तिने विचारलं, "माळावर जाता का आता?" मी नाही म्हणालो. "जात जा. खोकडं हायेत अजून. त्यांनी काय केलंय तुमचं?"

तरीही मी बोललो नाही. दीड वर्ष. गेल्या माघात कौसाबाई गेली. मी तिच्या मातीला गेलो, तिथेही बोललो नाही. हे स्पष्ट लिहितो. ती जिवंत असताना मी बोललो असं पुढे कुणी म्हणू नये.

बोललो तो या चैत्रात. आधी हिंगोलीला हेडसरांकडे गेलो. निवृत्तीनंतर ते तिथेच असतात. सगळं सांगितलं, बादलीसकट. ते हातातल्या चष्म्याची काडी उघडमीट करत बसले. मग म्हणाले, "दादांना भाजी मी वाढली होती. त्यांनी पुरे म्हटलं, तरी मी आग्रहाने दुसऱ्यांदा वाढली." मग म्हणाले, "तुम्ही जा आता."

नंतर ग्रामसभेत उभा राहिलो. कागद लिहून नेला होता, तो वाचला. सरपंच म्हणाले, "सर, जुनं झालं. दोघं बी गेले. काहून उकरून राहिलात?"

मी म्हणालो, "उकरल्याशिवाय मूळ दिसत नाही. प्रोसिडिंगमध्ये लिहा."

"तुमच्या पेन्शनचं, नावाचं..."

"माझ्या नावाची काळजी मी करीन. कौसाबाईच्या नावाची या गावाने कधी केली? लिहा. कौसाबाईने विकलेल्या सात अळंब्या चांगल्या होत्या. विषारी सहा मी तोडल्या आणि तिचं नाव सांगितलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला चळ लागला." मी म्हणालो, "तेही लिहा. पण आधी माझं लिहा." लिहून होईपर्यंत मी खाली बसलो नाही. पोलीस ठाण्यातही जबाब दिला. त्यांनी ठेवून घेतला. पुढे जे व्हायचं ते होईल. मला त्यातून सुटका नको आहे. आणि माफी तर नकोच. जिच्याकडे मागायची, तिने ती मागूच दिली नाही.

आषाढात पाऊस चांगला झाला. शोभाने आईची टोपली काढली. पहिल्या बाजाराला मी सेनगावला गेलो आणि तिच्या शेजारी पोतं टाकून बसलो. पळसाच्या पानांवर अळंब्या, वीतवीतभर मुळं एका दिशेने मांडलेली. लोक लांबून बघत होते. ग्रामसभेतली गोष्ट सगळ्यांना कळलेली होती, पण जवळ कुणी येईना.

दोन तास गेले. शोभा म्हणाली, "सर, तुमी उठा बरं. तुमाला बघून गिऱ्हाईक अजून भिऊन राहिलं."

"भिऊ दे. मी उठणार नाही."

"मायसारखंच बोलून राहिलात. तिनं ऐकलं असतं तर हसली असती." ती स्वतः मात्र हसली नाही. तिने मला माफ केलेलं नाही, ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं आहे.

दुपार कलली तेव्हा एसटी स्टँडच्या बाजूने हेडसर येताना दिसले. हातात कापडी पिशवी. ते सरळ शोभासमोर येऊन उभे राहिले. बाजूच्या भाजीवाल्या बोलायच्या थांबल्या. हेडसर वाकले, गुडघ्याला हात लावून सावकाश खाली बसले.

"मूळ?" त्यांनी विचारलं.

शोभाने एक अळंबी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवली. हेडसरांनी छत्रीपासून सुरुवात केली आणि बोट देठावरून खाली नेलं, जाड भागावरून, निमुळत्या भागावरून, अगदी काळ्या टोकापर्यंत. मग पुन्हा वरपासून. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"सात दे," ते म्हणाले.

शोभाने पानात सात बांधल्या. हेडसरांनी त्या पिशवीत ठेवल्या, उठले आणि माझ्याकडे न बघता निघाले. पिशवी आखूड होती. एक मूळ तिच्या तोंडातून वीतभर बाहेर आलं होतं. त्यांना ते दिसत होतं. पण त्यांनी ते आत ढकललं नाही. तसंच बाहेर ठेवून, कापडाच्या दुकानांवरून, मिरचीच्या ढिगांवरून, पंचनाम्याला चावडीवर असलेले जे कुणी बाजारात होते त्या सगळ्यांच्या समोरून, ते सबंध बाजार चालत गेले.